शिगेचा हिशोब

मित्रांनो, मी एक जुनी अधोली आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडं जा. मी इथं रडायला आलेली नाही, सूड सांगायला आले आहे.

अधोली म्हणजे धान्य मोजायचं माप, दोन शेरांचं. आमच्या गावात मला अदुली म्हणतात. गोल अंग, सपाट बूड, दोन बाजूंना दोन कड्या. तुमच्या नववीच्या पुस्तकात माझ्यासारखीचं चित्र आहे आणि त्याखाली लिहिलंय, वृत्तचिती. चित्रातली वृत्तचिती गरीब असते. तिच्या तोंडावर कुणी हात फिरवत नाही.

माझा जन्म नळदुर्गचा. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या साली हैदराबाद रस्त्यावर डांबर पडत होतं. त्या डांबराच्या रिकाम्या पिपाचा पत्रा कापून गुंडाप्पा लोहारानं मला घडवलं. घडवून घेणारा होता बलभीमचा आजा. बलभीम कोण ते पुढं कळेलच. आधी आज्याचं ऐका.

"मालक, उभी करू का? धरायला सोपी जाती," गुंडाप्पानं विचारलं.

"बुटकी कर. अन् तोंड रुंद ठिव."

"दोन्हीत धान्य तेवढंच मावणार की, मालक."

"आत तेवढंच मावंल. वरचं काय?"

गुंडाप्पा माझा काठ ठोकत बसला. त्याला कळलं होतं. मला कळायला वर्षं गेली.

माप काठोकाठ भरल्यावरही धान्य ओतत राहिलं की वर टोकदार ढीग उभा राहतो. दाणे घसरून खाली पडायला लागेपर्यंत तो वाढतो. त्याला शीग म्हणतात. तोंड जितकं रुंद, तितकी शीग पसरते आणि तितकीच उंचही चढते. आज्याला शाळा ठाऊक नव्हती, पण हे पक्कं ठाऊक होतं. वाटेकऱ्याकडून ज्वारी घेताना तो माझ्यावर शीग चढवायचा. ज्वारी काढायला आलेल्या बायांना मजुरी घालताना कोपरापासून मनगटापर्यंतचा हात माझ्या तोंडावरून सपकन फिरवायचा. शीग खाली, त्याच्याच राशीत.

बाया बघायच्या आणि पदर पुढं करायच्या. कारण आमच्याकडची रीत अशी की शीग देणाऱ्यानं आपल्या मनानं द्यायची, घेणाऱ्यानं मागायची नाही. मागितली तर माणूस हावरट ठरतो. कुणी पाडली ही रीत? ज्याच्या हातात माप होतं त्यानंच पाडली असणार, दुसरं कोण पाडतंय!

वर्षभर माझ्या तोंडावरून हात फिरवायचा आणि लक्ष्मीपूजनाला मला हळदकुंकू वाहायचं. "आमच्या घरची बरकत हाय ही," म्हणायचं. त्या हळदकुंकवाची मला आजही शिसारी येते.

पुढं वजनकाटे आले आणि मी माळ्यावर गेले. उंदीर झाले, गंज झाला, एका कोंबडीनं माझ्यात अंडीसुद्धा घातली. तो काळ माझा सगळ्यात सुखाचा, खरं सांगते. कोंबडी मापात खोटं करत नाही.

मग बलभीम गावच्या शाळा समितीचा अध्यक्ष झाला.

शाळेची खोली गळत होती म्हणून पोरांच्या खिचडीचा तांदूळ बलभीमच्या वखारीत ठेवला गेला. वखार शाळेला लागूनच, किल्ली बलभीमच्या कमरेला. तिथं एक वजनकाटा होता. बलभीम म्हणाला, "त्याचे सेल सारखे उतरत्यात. आमच्या घरची अदुली हाय की. पिढ्यान् पिढ्यांचं खरं माप!"

चार माणसांसमोर त्यानं मला घासून आणलं. तांदूळ ओतला, चांगली टोकदार शीग चढवली आणि काट्यावर ठेवलं. माझं वजन वजा जाता अडीच किलो भरले. हेडमास्तरांनी वखारीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून टाकलं, 'एक अधोली म्हणजे अडीच किलो'. माणसं चहा पिऊन घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून काट्याचे सेल उतरले ते उतरलेच. आणि बलभीमच्या मनगटात त्याचा आजा जागा झाला.

खिचडी शिजवायला मथुराबाई यायची. एकट्या बाईचा संसार, घरात नात आरोही, नववीत शिकणारी. मथुराबाई रोज सकाळी पातेलं घेऊन वखारीत उभी राहायची. बलभीम पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचा, जुन्या चालीनं. लाभ कुणाचा ते विचारू नका. माझ्यावर शीग चढायची, त्याचा हात फिरायचा, शीग परत पोत्यात. वहीत मात्र मापाला पुरे अडीच किलो लिहायचा.

एकदाच मथुराबाईनं तोंड उघडलं. "आण्णा, जरा वर ऱ्हाऊ द्या की. लेकरांना पुरत न्हाय."

"सरकारी माप हाय, मथुराबाई. सरकारी माप सपाटच असतंय. का घरी न्यायाला पाहिजे वर?"

ती खाली मान घालून गेली. मला पाय असते तर तिथंच उडी मारून त्याच्या पायावर पडले असते, काठाच्या बाजूनं.

बलभीमचा हायवेवर ढाबा आहे. ट्रकवाले तिथं जिरा राईस चापून खातात. तो तांदूळ कुठून यायचा ते मी बघितलंय. इकडं शाळेत खिचडीची शेवटची रांग अर्ध्या पळीवर यायची. सातवी-आठवीच्या पोरी ताटल्या चाटून उठायच्या. आयांनी ओरड केली तेव्हा बलभीम चावडीवर म्हणाला, "म्या तर मापानं देतो. मधी कोण पदरात बांधून न्हेतंय, ते तुमीच बघा."

मधी एकच बाई होती.

तेव्हापासून समितीची माणसं मथुराबाईला शाळेतून निघताना फाटकाशी थांबवायची. पिशवी उघडा, डबा उघडा, पदर झटका. ज्या बाईनं शाळेतल्या खिचडीचा एक घासही पोरं जेवल्याशिवाय तोंडात घातला नाही, ती बाई पोरांच्या देखत पदर झटकायची. आरोही वर्गाच्या खिडकीतून बघायची. पुढं पालकांची सभा ठरली, मथुराबाईला काढून टाकायचं म्हणून.

सभेच्या आदल्या दिवशी कुलदीप सरांनी मला वर्गात नेलं. गणिताचे सर. लाकडी शंकू आणि वृत्तचित्यांची पेटी शाळेत होती, पण ती तपासणीला साहेब आले की उघडायची. म्हणून सरांनी वखारीतून मला मागून आणलं.

"सर, ही तर खिचडीची अदुली!" शंभू नावाचं एक वांड पोरगं ओरडलं.

"आज हिच्यात खिचडी नाही. आज हिचं घनफळ आहे," सर म्हणाले.

सरांनी वर्तमानपत्राची पट्टी माझ्या अंगाभोवती गुंडाळली, कापली आणि उलगडून फळ्यावर चिकटवली. लांब आयत झाला. सहासष्ट सेंटिमीटर लांब, सात रुंद. "हे हिचं वक्रपृष्ठफळ. गोल अंग उलगडलं की आयत." मित्रांनो, इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी मोजलं होतं. तोवर माझ्याकडून दुसऱ्याला मोजून घ्यायचे. माझ्या तोंडाची त्रिज्या साडेदहा सेंटिमीटर, खोली सात. पोरांनी पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची केलं. दोन हजार चारशे साडेपंचवीस घनसेंटिमीटर.

मग शंभूनं बांधकामाची कोरडी वाळू आणून माझ्यात ओतली आणि ओततच राहिला.

"अरे, पुरे! वरचं पाड. ते सूत्रात नाही," सर म्हणाले.

आरोही उठली. "सर, मग ते वरचं कशात येतं?"

सरांनी खडू खाली ठेवला. हा माणूस भित्रा आहे, पुढं दिसेलच. पण प्रश्न आला की त्याला राहवत नाही. "आकार कोणता दिसतोय?"

"शीग!" शंभू.

"शीग हे नाव झालं. आकार सांग."

"शंकू," आरोही म्हणाली.

सायकलची एक सरळ तार शिगेच्या टोकातून बुडापर्यंत खुपसली आणि तिच्यावर खूण करून मोजली. चौदा. खालची खोली सात वजा केली, राहिले सात. म्हणजे माझ्या पोटाची खोली जितकी, तितकीच शिगेची उंची. तळ तोच, उंची तीच.

"तर मग शंकूचं घनफळ किती?" सर.

"वृत्तचितीच्या एक तृतीयांश," सगळा वर्ग म्हणाला. पाठ होतंच.

"म्हणजे तीन शिगा मिळून?"

"एक अख्खी अदुली," आरोही सावकाश म्हणाली आणि खाली बसायचं विसरली. "सर, वखारीच्या भिंतीवर अडीच किलो लिवलंय, ते शीग धरून का शीग सोडून?"

सरांनी आधी दाराकडं बघितलं. "हे गणित सध्या वर्गातच राहू दे, आरोही," ते म्हणाले आणि फळा पुसला.

बदलीची भीती, दुसरं काय! फळा पुसला तरी माझं पोट काही बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात सभा भरली. खुर्च्या पुढाऱ्यांना, सतरंजी बायांना. मथुराबाई एका कडेला उभी. बलभीम बोलायला उभा राहिला तो गहिवरूनच.

"लेकरांच्या तोंडचा घास कुणी काढत असंल तर ह्यो बलभीम गप ऱ्हाणार न्हाय. म्या रोज हिच्यासमोर मोजून देतो. माप भरून. कुणाला इश्वास नसंल तर आत्ता दावतो. आणा रे ती अदुली!"

ऐकलंत? त्यानं स्वतः मला बोलावलं. इतकी खात्री होती त्याला. तो मनात हिशोब करून चोरत असता तर सावध राहिला असता. पण त्याची चोरी मनात नव्हती, हातात होती, आज्याकडून बापाकडं आणि बापाकडून त्याच्याकडं आलेली. त्याला वाटायचं माप भरायचं ते असंच.

पोतं आलं, मी आले. भर सभेत त्यानं तांदूळ ओतला, शीग चढली, "लाभ!" असं जोरात म्हणाला आणि सपकन हात फिरवला. शीग परत पोत्यात. मला दोन्ही कड्यांना धरून वर उचलून दाखवलं. "हे बघा. काठोकाठ!"

माणसांनी माना डोलावल्या. काठोकाठ होतीच की मी!

"आण्णा," सतरंजीच्या मागून आवाज आला. आरोही. "भिंतीवरचं अडीच किलो मोजलं तवा शीग व्हती का न्हवती?"

"ए पोरी, खाली बस. मोठी माणसं बोलत्यात."

"शीग व्हती," एक म्हातारा पुढून म्हणाला. "म्या हुतो की तिथं. चांगली टोकदार व्हती."

बलभीम हसला. "बरं, व्हती. शिगेचं काय एवढं? मूठभर तर असती! मूठभर तांदळानं काय लेकरं उपाशी मरत्यात व्हय?"

आणि मित्रांनो, सगळी सभा हसली. बायासुद्धा. इतक्या वर्षांत सगळ्या गावाला हेच वाटत आलं होतं. टोक बघून वाटतं की वर काहीच नाही. शीग म्हणजे मूठभर. मजुरीच्या बायांनाही तेच वाटलं, मथुराबाईलाही तेच वाटलं. या एका चुकीवर त्या घराच्या माड्या चढल्या.

"मग ती मूठ जरा ह्या परातीत टाका की, आण्णा," आरोही म्हणाली. "पोत्यात नगं."

बलभीमला आता नाही म्हणता येईना. त्यानंच तर हसण्यावारी नेलं होतं. आरोहीनं परात पुढं सरकवली. पहिल्यांदा शीग चढवली आणि हात फिरवून परातीत पाडली. खालचा तांदूळ परत पोत्यात. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा हात फिरवताना बलभीमचा हात जरा अडखळला.

"पुरा फिरवा की, आण्णा. रोज फिरवताव तसा," मथुराबाई म्हणाली. सभेतलं तिचं ते पहिलं वाक्य.

मी रिकामी झाले. आरोहीनं परात उचलली आणि ती 'मूठ' माझ्यात ओतायला लागली. पाव भरले. अर्धी भरले. हसू थांबलं. तांदूळ काठाला लागला तेव्हा परात रिकामी होती.

मी काठोकाठ भरले होते. त्याच्याच हातानं पाडलेल्या तीन शिगांनी.

"तीन अदुल्या दिल्या की एक अदुली आण्णाच्या पोत्यात माघारी," आरोही म्हणाली. "चार वाट्यांतला एक वाटा. रोज."

कुलदीप सर तेव्हा उठले. उशिरा उठले, पण उठले. "बरोबर आहे तिचं. मी काल वर्गात मोजलंय," म्हणाले आणि शंभूला दुकानात पिटाळून काट्याचे सेल आणवले. मेलेला काटा लगेच जिवंत झाला. सपाट भरलेल्या माझ्यातला तांदूळ दोन किलोलाही कमी. शीग चढवली की अडीच.

आता बलभीमनं काय केलं असेल? शरमला असेल? छे! खुर्चीत जाऊन बसत त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं.

"मापातच खोट हाय! जुनं माप, वाकडं झालेलं. भंगारात टाका ते!"

आज्यानं मुद्दाम रुंद करून घेतलेलं माझं तोंड. त्या घरानं माझ्या तोंडानं खाल्लं, माझ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि वेळ आली तेव्हा खोट माझ्यात! मला बोलता येत नव्हतं. पण मथुराबाई तरातरा पुढं आली आणि तिनं मला पोटाशी धरलं.

"मुकं हाय म्हून त्याच्यावर ढकलताव व्हय, आण्णा? पयलं माझ्यावर ढकललं. म्या बी मुकीच व्हते. ह्या फाटकात म्या पदर झटकला, लेकरांच्या देखत. आता तुमी झटका की. उठा! धोतराचा सोगा झटका, खिसं झटका. बघू द्या गावाला काय पडतंय."

बलभीम उठला नाही. बायांनी सतरंजी सोडली आणि खुर्च्यांभोवती कडं केलं. खिसे कुणी झटकले नाहीत, पण वखारीची किल्ली त्याच्या कमरेची सोडून घेतली ती बायांनीच. मथुराबाईचं काम राहिलं. फाटकातली झडती थांबली. तांदूळ शाळेच्या ओसरीवर काट्यानं मोजून द्यायचं ठरलं आणि मला नववीच्या वर्गातल्या कपाटावर ठेवलं. बलभीमची चौकशी वर गेली. अजून वरच आहे. वर गेलेल्या गोष्टी खाली यायला फार वेळ लागतो, हे तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल. आत्ताच कळलं तर आणखी चांगलं.

पण सूड म्हटलं होतं ना मी? तो पुढं आहे.

त्याच उन्हाळ्यात बलभीमच्या बापाचं वर्षश्राद्ध झालं. गावजेवण. शंभर पानांचा भात नेमका शिजवणारी बाई गावात एकच. बलभीमच्या घरच्या बायका मथुराबाईच्या दारात आल्या. ती म्हणाली, "येते की. अन्नाशी माझं वैर न्हाय." आणि जाताना वर्गातल्या कपाटावरून मला काढून काखेत मारलं.

गाव जेवलं. आमच्याकडं घरचा धनी शेवटच्या पंगतीला बसतो. बलभीम बसला. मथुराबाईनं स्वतः भाताचं पातेलं उचललं. त्याच्या पानावर भात वाढला, वाढतच गेली, चांगला टोकदार ढीग केला. पंगत बघायला लागली. बलभीम म्हणाला, "बास, मथुराबाई, बास."

"बास म्हंता? बरं."

तिनं पळी आडवी धरली आणि ढिगावरून सपकन फिरवली. वरचा भात परत पातेल्यात.

"मूठभरच हाय, आण्णा," ती म्हणाली आणि पुढच्या पानाकडं गेली.

मग बायांच्या बाजूनं एक खुसखुस आली आणि सगळा मांडव हसला. बापाच्या श्राद्धाच्या पानावरून उठता येत नाही. बलभीम मान खाली घालून तो सपाट भात जेवला. मी चुलीपाशी पालथी पडून एकेक घास मोजला. पुरेसं झालं का? नाही. ज्या पोरी ताटल्या चाटून उठल्या, त्यांचे घास कुठून येणार परत?

मित्रांनो, आता मी नववीच्या वर्गात कपाटावर असते. दरवर्षी शंकूचा धडा आला की सर मला खाली काढतात. जुन्या वस्तू अशा वेळी विनंती करतात, आम्हाला जपा, पुसा, तेलपाणी करा. मला काही नको. गंज चढला तरी चालेल, मी पिपाच्या पत्र्याची आहे. माझी काळजी घ्यायची असेल तर एवढंच करा. कुणी तुमच्यासमोर काहीही मोजायला बसला, रेशनचा तांदूळ असो नाहीतर मजुरीची ज्वारी, तर त्याच्या गोड तोंडाकडं बघू नका, हाताकडं बघा. आणि हात फिरला की मोठ्यानं विचारा, शीग कुठं गेली? हावरट म्हणाला तर म्हणू द्या. तळ मोजा, उंची मोजा, तिनानं भागा आणि आकडा त्याच्या तोंडावर फेका.

ऐकते की बलभीम येत्या निवडणुकीत सरपंचाला उभा राहणार आहे. गाव विसरतं, हे त्याला ठाऊक आहे. मी विसरत नाही. त्याच्या प्रचाराची सभा भरेल त्या दिवशी मला कपाटावरून काढा, चावडीपुढं न्या आणि तो उभा राहील तिथं त्याच्या समोर ठेवा. भरू नका, रिकामीच ठेवा. बाकीचं मी बघून घेते.